शर्यतीनंतरचा घोडा

नाशिकमध्ये राहून घोड्यांच्या शर्यतींची आवड जोपासणे हा गैरसोयीचा छंद आहे. आमच्या शहरात रेसकोर्स नाही आणि तो कधी होईल अशी चिन्हेही नाहीत. मुंबईचे महालक्ष्मी काय किंवा पुण्याचे रेसकोर्स काय, पहाटे घर सोडावे आणि रात्री जेवणाची वेळ टळून गेल्यावर परतावे इतके लांब. त्यातून मी माध्यमिक शाळेत गणित शिकवणारी बाई असल्यामुळे ही गैरसोय दुप्पट होते. "मॅडम रेसला गेल्या होत्या" हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही आवाज खाली आणून बोलले जाते. त्यात कोणाचा दोष नाही. मराठी मध्यमवर्गाच्या आठवणीत रेस म्हणजे घर धुऊन नेणारा नाद आहे. पगाराच्या दिवशी परस्पर महालक्ष्मीला उतरलेला कर्ता पुरुष आहे आणि सावकाराच्या पेटीत गेलेल्या पाटल्या आहेत. गिरणगावातल्या कित्येक घरांनी हे सोसलेले आहे, आणि ज्यांनी सोसले त्यांना 'हा कौशल्याचा खेळ आहे' असे सांगायला जाणे मला शोभणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तमिळनाडूतल्या एका खटल्यात तसा निर्वाळा दिलेला आहे. तो निकाल आमच्या स्टाफरूमपर्यंत मात्र अद्याप पोहोचलेला नाही.

मला ही गोडी लागली ती मामांमुळे. मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. नोटा छापणाऱ्या गावातल्या माणसाने पैशांच्या खेळाचा शौक करावा, यावर आमच्या घरात पुष्कळ विनोद होत आणि मामा ते सगळे हसून घेत. लावायचे पैसे घरातून निघतानाच ते वेगळ्या पाकिटात घालत, आणि ते पाकीट रिकामे झाले की उरलेल्या शर्यती नुसत्या पाहत. त्यांची खरी दौलत म्हणजे त्यांच्या रेघी वह्या. एका पानावर एक घोडा, त्याच्या नावाखाली बापाचे नाव, आईचे नाव, आईच्या बापाचे नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात प्रत्येक शर्यतीची नोंद: अंतर, पाठीवरचे वजन, मैदान कोरडे की ओले, जॉकी कोण, आणि शेवटच्या वळणावर घोडा कितवा होता. जिंकला की हरला ही नोंद सर्वांत शेवटी असे. "निकाल काय, पेपरातही येतो," ते म्हणत, "घोडा पळाला कसा ते पेपरात येत नाही." आकड्यांच्या रकाने आखलेल्या त्या पानांनी माझ्यातल्या गणिताच्या विद्यार्थिनीला ओढून घेतले, घोडा त्यानंतर आला.

रविवारची पंचवटी एक्सप्रेस एरवीपेक्षा निवांत असते. पासधारकांची रोजची मंडळी नसतात, कसारा घाटात डबा अर्धा पेंगलेला असतो, आणि दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडली की महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरूनच मोकळे मैदान दिसू लागते. १८८३ साली हे रेसकोर्स सुरू झाले. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळा तापेपर्यंत आणि पुण्याचा पावसाळ्यात, त्यामुळे वर्षाचे बहुतेक महिने कुठे ना कुठे जायची सोय होते. सुट्ट्यांचे हिशेब मी या दोन सीझनांवर बसवते, हे आमच्या मुख्याध्यापिकांना ठाऊक नसावे असा माझा समज आहे.

नवखा माणूस मैदानावर गेला की थेट कठड्याकडे, शेवटच्या खांबापाशी जाऊन उभा राहतो. मामांनी मला सुरुवातीलाच तिथून मागे फिरवून पॅडॉकपाशी नेले. शर्यतीपूर्वी घोडे ज्या गोल वाटेवर फिरवून दाखवतात, तो हा पॅडॉक. इथे घोडा हातभर अंतरावरून जातो आणि इथेच तो वाचायचा असतो. मला आठवते ती एक गडद तपकिरी घोडी. तिची कातडी इतकी पातळ की मानेवरची शीर त्वचेखाली दोरीसारखी उमटलेली. मांड्यांच्या आतल्या बाजूला पांढरा फेस धरू लागलेला, म्हणजे शर्यतीआधीच तिची शक्ती घामातून चालली होती. एक कान पुढे, एक मागे. तिचा साईस, पन्नाशीचा बारीक माणूस, डाव्या हाताने लगाम धरून चालत होता आणि उजव्या हाताचा पालथा पंजा तिच्या खांद्याला सतत टेकवून ठेवत होता. थोपटणे नाही, चोळणे नाही, नुसता टेकवलेला हात. ट्रेनरने येऊन तंग आवळला तेव्हा तिच्या पोटावरची कातडी माशी बसल्यासारखी थरारली, आणि साईसाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटले. दुसऱ्या फेरीला तिचे दोन्ही कान त्याच्याकडे वळलेले होते. मामा म्हणाले, "बघितलंस? आता ती थोडी बरी पळेल, पण जिंकायची नाही." ती चौथी आली. मामांचे भाकीत खरे ठरले याचे मला तितके अप्रूप वाटले नाही. त्या माणसाचा हात मात्र तेव्हापासून माझ्या नजरेला लागून राहिला आहे. रोज पहाटे चंदी देणारा, खरारा करणारा, पाय पाण्यात धरून बसणारा हा माणूस घोड्याला त्याच्या मालकापेक्षा आणि जॉकीपेक्षा कितीतरी अधिक ओळखतो. रेसबुकात मालकाचे नाव छापतात, ट्रेनरचे छापतात, जॉकीचे छापतात. साईसाचे छापत नाहीत.

धावण्याच्या क्रियेबद्दल एक गोष्ट कळल्यापासून मला शर्यत पाहताना स्वतःचा श्वास सांभाळावा लागतो. घोडा चौखूर धावू लागला की त्याचा श्वास त्याच्या टापांना बांधला जातो. एका झेपेला एक श्वास, अधिक नाही आणि कमी नाही. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला तीसचाळीस ठोके देणारे त्याचे हृदय दोनशेच्या पलीकडे जाते, आणि प्लीहेत राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडल्या जाऊन प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ऐन वेळी वाढते. साडेचारशे-पाचशे किलोचे हे जनावर ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, आणि एका क्षणी त्याचा सगळा भार माणसाच्या मनगटाएवढ्या एका पायावर असतो. महालक्ष्मीला घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे वळत पळतात. लांबून ते रंगीत ठिपके वाटतात, वळण घेऊन सरळ पट्ट्यात आले की आधी पायांखालची जमीन थरथरते आणि मग आवाज येतो.

गणिताच्या शिक्षिकेला या खेळात सर्वांत देखणी वाटते ती हँडिकॅपची व्यवस्था. घोड्याने आजवर काय केले ते पाहून त्याला एक रेटिंग दिले जाते, आणि त्या रेटिंगनुसार त्याच्या पाठीवर वजन ठरते; ढोबळ मानाने रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. जो चांगला, त्याला जास्त ओझे. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरे करतात, आणि शर्यत संपल्यावर जॉकीला खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभे करून ते ताडून घेतात. हँडिकॅपर नावाच्या अधिकाऱ्याचे स्वप्न असे की सगळे घोडे एका रेषेत शेवटच्या खांबावर पोहोचावेत. ते कधीच होत नाही, आणि जे उरते त्या फरकात शौकिनाची सगळी बुद्धी खर्ची पडते. मागच्या खेपेला साठ किलो घेऊन घोड्याच्या अर्ध्या लांबीने हरलेला घोडा या खेपेला छप्पन्न किलोवर काय करील? पण मागच्या खेपेला अंतर बाराशे मीटर होते आणि आज सोळाशे आहे. त्याच्या आईची पिल्ले लांब पल्ल्याला दम टाकतात. दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेवर फासे आणि पत्त्यांची उदाहरणे आहेत. शर्यतीचे एक उदाहरण घातले तर मागच्या बाकावरची मुले जागी होतील असे मला अनेकदा वाटते, परंतु पालकसभेत काय होईल याचाही अंदाज मला आहे.

डर्बीसारख्या क्लासिक शर्यतींत हा समतेचा आग्रह सोडून दिलेला असतो. तिथे घोड्यांची पिढी आपसांत लढते, आणि कोणाचे रक्त किती चांगले हे तिथे ठरते. इंडियन डर्बी २४०० मीटरची, बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, नुकत्याच चार वर्षांच्या झालेल्या घोड्यांसाठी. इथल्या कागदावर सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच, १ जानेवारी. पहिली डर्बी १९४३ साली झाली आणि ती प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीने जिंकली. मालक बडोद्याचे महाराज, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. १९७७ ची डर्बी स्क्वॉन्डररची. मामांनी त्याचे पान वहीत लाल शाईने आखले होते, आणि त्याच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका पराभवाचे कारण ते कोणी विचारले नाही तरी सांगत. २०१० साली जॅकलीन या घोडीने डर्बी घेतली तेव्हा आमच्याकडे त्याच वहीत नवे पान उघडले गेले.

बडोद्याच्या त्या महाराजांचा विषय निघाला की मला नाशिककर म्हणून थोडे थांबावेसे वाटते. प्रतापसिंहराव गायकवाड हे तिसऱ्या सयाजीरावांचे नातू. तिसरे सयाजीराव हे मूळचे गोपाळराव, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेले आणि वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले. नातवाने १९४५ साली इंग्लंडातल्या न्यूमार्केटच्या लिलावात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. एका वर्षाच्या घोड्याला तोवर इतकी किंमत कोणी मोजलेली नव्हती. त्याला त्यांनी नाव दिले 'सयाजीराव'. १९४७ साली, म्हणजे इकडे संस्थानांचे दिवस भरत आले असताना, तिकडे या घोड्याने आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरात डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकली. इंग्रजी शर्यतींच्या दफ्तरात मालेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाचे नाव असे कायमचे लिहिले गेले. एका शिंगरावर उधळलेल्या त्या पैशांचे समर्थन मला करता येत नाही. कवळाण्यात किंवा बडोद्यात त्या रकमेने काय काय झाले असते याचा हिशेब कोणीही मांडू शकेल. तरीही मालेगावच्या रस्त्याने जाताना मला दरवेळी तो घोडा आठवतो.

या सयाजीरावाचा बाप निआर्को. इटलीत फेदेरिको तेसिओ यांच्या फार्मवर १९३५ साली जन्मलेला, चौदा शर्यती पळून चौदाही जिंकलेला. त्याला इंग्लंडात आणले, आणि महायुद्धात बॉम्ब पडू लागले तेव्हा त्याच्यासाठी वेगळा खंदक बांधला. निआर्कोचा नातू नॉर्दर्न डान्सर, कॅनडात १९६१ साली जन्मलेला, आणि आज जगभर पळणाऱ्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्यांपैकी फार मोठ्या संख्येच्या अंगात याचे रक्त आहे. महालक्ष्मीच्या रेसबुकात एखाद्या घोड्याच्या पिढ्या मागे मागे नेत गेले, तर नॉर्दर्न डान्सर बहुधा भेटतोच. त्याहून मागे जात राहिले तर सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर पूर्वेकडून इंग्लंडात गेलेल्या तीन नरांपाशी पोहोचता येते. थरोब्रेडची प्रत्येक पितृरेषा या तिघांपैकी एकावर येऊन थांबते. १७९१ पासून हे सगळे छापील आहे. आपल्याकडच्या नोंदी पुण्याला ठेवल्या जातात, आणि आईबापांची खातरजमा डीएनएवरून होते. कृत्रिम रेतनाला या जातीत परवानगी नाही. भिक्षुकांकडे आपली कुळी विचारायला त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात मी राहते, पण इतकी चोख वंशावळ मी माणसांची पाहिलेली नाही.

घोडा पाहण्याची दुसरी एक रीत आपल्या भागात शेकडो वर्षे चालत आलेली आहे, आणि ती शिकवायला मामांनी मला दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत नेले होते. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात मारवाडी आणि काठेवाडी घोडे उभे असतात. तिथे वंशावळीचा कागद कोणी मागत नाही. माणसे अंगावरचे भोवरे पाहतात, देवमन नावाचा शुभ भोवरा आहे का विचारतात, चार पाय आणि कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याणीभोवती गर्दी करतात, आतल्या बाजूला वळलेल्या कानांची टोके एकमेकांना टेकतात का ते पाहतात आणि मग रेवाल चालीने फिरवून दाखवायला सांगतात. वर बसलेल्याच्या हातातला पाण्याचा पेला सांडता कामा नये अशी ती चाल. थरोब्रेडचा शौकीन भोवऱ्यांना हसतो, आणि सारंगखेड्याचा जाणकार महालक्ष्मीच्या घोड्याला 'नुसताच पळणारा' म्हणून मोडीत काढतो. मला वाटते, दोघांनाही घोड्याचे भविष्य आधीच जाणून घ्यायचे आहे. एकाने ते कातडीवर शोधले, दुसऱ्याने कागदावर. येवल्याच्या घोडेबाजारात एका व्यापाऱ्याने मामांना सरळ विचारले होते, "तुमच्या त्या रेसच्या घोड्याला पळणं थांबलं की काय येतं?" मामांकडे उत्तर नव्हते. मला तो प्रश्न तेव्हा अडाणी वाटला होता. आता तो मला या सगळ्या खेळातला मुख्य प्रश्न वाटतो.

रेसची बिरादरी बाहेरून दिसते तशी एकजिनसी नाही. वर क्लबच्या बाजूला टोप्या आणि गॉगल, खाली सार्वजनिक स्टँडमध्ये घडी घालून घालून कापडासारखी मऊ झालेली, घोड्यांच्या माहितीची 'कोल'ची पुस्तके. मालक होणे हा श्रीमंतांचा उद्योग आहे यात शंका नाही. पण स्मरण खालच्या स्टँडमध्ये आहे. तिथे निवृत्त गिरणी कामगार आहेत, गुजराती दुकानदार आहेत, टॅक्सी बाजूला लावून दोन शर्यती पाहून जाणारे आहेत. पांडू खाडे, वसंत शिंदे, पेसी श्रॉफ या जॉकींनी कोणता घोडा कोणत्या वळणावर कसा आत घातला, हे ते काल पाहिल्यासारखे सांगतात. मामांचे एक पारशी स्नेही देवळालीला राहत. प्रत्येक डर्बीच्या आदल्या रात्री ते फोन करून विचारत, "बोल नी, कोन?" मामांनी नाव सांगितले की पलीकडून ठरलेला उसासा येई, "अरे, एनी मा तो स्प्रिंटर हती!" त्याची आई तर आखूड पल्ल्याची, हा चोवीसशे मीटर कसला टिकणार, असा त्याचा अर्थ. दोघांपैकी एकाच्याही मालकीचे घोड्याचे शेपूटसुद्धा नव्हते. पण त्या घोडीची पिल्ले, त्या पिल्लांची पिल्ले, सगळी त्यांच्या तोंडपाठ. इतक्या अलिप्तपणे आणि इतक्या आपुलकीने दुसऱ्याची मालमत्ता लक्षात ठेवणारी माणसे मी अन्यत्र पाहिलेली नाहीत.

ही बिरादरी आता आटत चालली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या संपूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो चाळीस टक्क्यांवर गेला. पाकीट मोजून आणणाऱ्या माणसाला ही खेळी परवडत नाही. चोरून घेणाऱ्या बुकीकडे कर नसतो, त्यामुळे कर वाढला की गर्दी कुठे सरकते हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. महालक्ष्मीच्या जमिनीचेही वाटप झाले. १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी जायची, उरलेली क्लबकडे राहायची. उद्यान व्हावे हे मला मान्य आहे. मुंबईसारख्या गुदमरलेल्या शहरात थोड्या लोकांच्या शौकासाठी एवढी जमीन कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नाही. मात्र पहाटे धुके असताना त्या मैदानावर कामाला निघालेले घोडे आणि कडेच्या वाटेवर फिरायला आलेली माणसे एकत्र दिसत, ही सोबत कोणत्याही बागेत पुन्हा मांडता येणार नाही.

आणि तरी या खेळाला सर्वांत मोठा धोका कराचा किंवा जमिनीचा नसून त्या येवल्याच्या व्यापाऱ्याच्या प्रश्नाचा आहे. मैदानावर घोडा पडतो तेव्हा लोक त्या बाजूला पाहत नाहीत. पुढच्या पायाचे हाड मोडले की ते बहुधा सांधता येत नाही. गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसते, रक्तपुरवठा तुटपुंजा. घोड्याला महिनोन्महिने आडवे ठेवता येत नाही आणि तीन पायांवर उभा ठेवला तर भाराने उरलेल्या पायांचे खूर आतून सोलवटतात. म्हणून आडपडदा धरतात आणि त्याची वेदना तिथेच संपवतात. मी हे एकदा पाहिले आहे. पुढची शर्यत ठरल्या वेळी सुरू झाली, आणि माझ्या शेजारचा माणूस तिकीट काढायला गेला. तो निर्दय नव्हता. त्याला दुसरे काय करावे ते सुचत नव्हते, जसे मलाही सुचत नव्हते.

पडणारे घोडे तरी सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतात. त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक घोडे नुसते मंद होतात. सहा-सात वर्षांचा झालेला, शेवटच्या वर्गातही मागे राहणारा घोडा एके दिवशी रेसबुकातून गळतो, आणि घोडा पंचवीस वर्षे जगू शकतो. घोडी चांगल्या घराण्यातली असेल तर स्टड फार्मवर जाते, अव्वल नरालाही तिथे जागा मिळते. बाकीच्यांपैकी काही घोडेस्वारीच्या शाळांत, काही पोलोत, काही वरातीत किंवा चौपाटीवर. पूर्वी एक वाट मुंबईच्या हाफकिन संस्थेकडेही जात असे. घोड्याला विष किंवा धनुर्वाताचे द्रव्य थोडे थोडे टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि त्या रक्तापासून प्रतिविषाचे सीरम बनवतात. पुण्याचे पूनावाला आपल्या स्टडचे निवृत्त घोडे हाफकिनला देत, आणि त्यातूनच हे काम आपणच का करू नये असा विचार येऊन १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आमच्या सुरगाण्या-पेठेकडच्या पाड्यावर भातलावणीत कोणाला घोणस चावली तर सरकारी दवाखान्यात त्याला जे औषध शिरेतून देतात, ते आजही घोड्याच्याच रक्तातून आलेले असते. या जनावराचे आपल्यावर किती देणे आहे हे स्टँडमधल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.

माझी तक्रार एवढीच आहे की, १७९१ पासून ज्या जातीची प्रत्येक आई लिहून ठेवलेली आहे, त्या जातीच्या शौकिनाला गेल्या वर्षी शेवटची शर्यत पळालेला घोडा आज कुठे उभा आहे, हे विचारायला जागा नाही. जन्माची नोंद इतकी काटेकोर आणि पुढच्या मुक्कामाच्या रकान्याला शाईच नाही. रेसबुकाच्या शेवटच्या पानावर 'निवृत्त' असा एक रकाना टाकावा, घोड्याचे नाव, कुठे गेला, कोणाकडे गेला एवढेच छापावे, याला खर्च किती येणार? लावलेल्या रकमेतला अगदी बारीक तुकडा या घोड्यांच्या पोटगीला बाजूला काढला तर कराच्या ओझ्याने वैतागलेला शौकीनही कुरकुर करणार नाही, अशी माझी खात्री आहे. मी मैदानावरच्या ज्यांना ज्यांना हे बोलून दाखवले, ते सगळे हो म्हणाले आणि पुढच्या शर्यतीचे घोडे पाहायला पॅडॉककडे गेले.

मामा गेल्यानंतर वह्या माझ्याकडे आल्या, आणि मी प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ वाढवली: आता कुठे. बहुतेक ओळी कोऱ्या आहेत. साईसांना विचारून, ट्रेनरच्या तबेल्यात चौकशी करून काही भरल्या. त्यातली एक घोडी, रेसबुकातून गळून बरेच दिवस झालेली, गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या एका लहानशा घोडेस्वारीच्या शाळेत निघाली, म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. मी वही घेऊन गेले. तिथला तरुण शिक्षक खरारा करत होता; त्याला मी तिचे मूळ नाव सांगितले, तिथे तिला राणी म्हणत. बाप सांगितला, आईचा बाप सांगितला, चार पिढ्यांमागचा नॉर्दर्न डान्सर दाखवला. त्याने सभ्यपणे ऐकून घेतले.

"मॅडम, ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण ही डावीकडे वळायला एवढी का कुरकुर करते, ते लिहिलंय का तुमच्या वहीत?"

लिहिलेले होते. तिच्या सगळ्या शर्यती महालक्ष्मी आणि पुण्याच्या होत्या. वर्षानुवर्षे ती उजव्या हाताला वळत पळाली होती आणि एका नोंदीत मामांनी 'डावा पुढचा पाय जपते' असेही टिपून ठेवले होते. ते मी वाचून दाखवले. त्याने तिचा डावा पाय उचलून खूर पाहिला, सांध्यावरून बोटे फिरवली, आणि मुलांच्या पहिल्या तुकडीला आजपासून रिंगणात उजवीकडून सुरुवात करा असे सांगून, नालबंदाला फोन लावायला तो आत गेला.